आक्काबाईची थांबा-पाटी

आक्काबाईनं खडकवस्तीच्या शाळेत एकवीस वर्षं खिचडी शिजवली. किती पोरांना वाढलं याचा तिला पत्ता नव्हता, पण कोण वाटाणे निवडून ताटाच्या कडेला लावायचं आणि कोण अर्धी खिचडी डब्यात लपवून धाकट्या बहिणीला न्यायचं, हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. पोरं मोठी झाली. कुणी टेम्पो घेतला, कुणी तळेगावला कंपनीच्या बसवर लागलं, कुणी खंडाळ्याला बंगल्यावर माळीकाम धरलं. रस्त्यात कुणी भेटलं की आक्काबाईला नाव आठवायचं नाही, वाटाणे आठवायचे. दाढीमिशीचा गडी, शेजारी नवी बायको, आणि ही भर रस्त्यात विचारायची, "काय रं, आता खातो का वाटाणं?"

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिनं पळी सुनेच्या, रेणुकाच्या हातात दिली आणि घरी बसली. घरी बसणं तिला चार दिवस जमलं. पाचव्या दिवसापासून ती शाळा भरायच्या नि सुटायच्या वेळेला हायवेच्या कडेला येऊन उभी राहायला लागली. पोरं बघायला, असं ती सांगायची.

बघण्यासारखं तिथं पुष्कळ होतं. वस्ती रस्त्याच्या एका अंगाला आणि शाळा दुसऱ्या अंगाला. मधून जुना मुंबई-पुणे हायवे. सोमाटण्याची गर्दी मागं पडली की ड्रायव्हरला वाटायचं, सुटलो एकदाचे, आणि तो पाय दाबायचा तो नेमका खडकवस्तीपाशी. पोरं घोळका करून कडेला उभी राहायची, कुणीतरी "चला" म्हणायचं, आणि सगळी दप्तरं एकदम पळत सुटायची. दुभाजकात एक फट होती, तिथं थांबून श्वास घ्यायचा आणि पुन्हा पळायचं.

एका सोमवारी दुसरीतल्या चैतालीची चप्पल मधेच निसटली. पोरगी मागं वळली. तिकडून कंटेनर आला. आक्काबाईच्या गुडघ्यांना त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, ती पळत गेली आणि चैतालीच्या वेणीला धरून तिला मागं ओढलं. पोरीला खरचटलंसुद्धा नाही. चप्पल मात्र पापडासारखी झाली. चैताली अर्धा तास रडली, पण ती चप्पल नवी होती म्हणून.

आक्काबाई ती चप्पल घेऊन थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेली आणि टेबलावर ठेवली. स्नेहल बाई तळेगावहून यायच्या. शिस्तीच्या होत्या, पण चप्पल बघून त्यांनी नुसता चष्मा काढला.

"आक्का, गतिरोधकासाठी मी तीन अर्ज केलेत," त्या म्हणाल्या. "पहिल्याचं उत्तर आलं, हा रस्ता आमच्याकडे येत नाही. दुसऱ्याचं आलं, रस्ता आमच्याकडे येतो पण गतिरोधक येत नाही. तिसऱ्याला उत्तर म्हणून पहिल्या दोन उत्तरांच्या झेरॉक्स आल्या."

"मग एक माणूस उभा करा की."

"माणसाला पगार द्यावा लागतो. शाळेकडे खडूला पैसे येतात, माणसाला येत नाहीत."

रात्री जेवताना आक्काबाईनं हे जानूला सांगितलं. जानू तिचा नवरा. रेल्वेच्या गँगमध्ये लोणावळ्याच्या बाजूला नोकरी करून रिटायर झालेला, बोलायला कमी. त्यानं घास गिळला आणि म्हणाला, "लाल झेंडा दाव. झेंडा दावला की गाडी थांबतीच."

"तुमची गाडी रुळावर असती. ही कुटं असती?"

जानूनं विचार केला आणि दुसरी भाकरी मागून घेतली.

आठवड्यानं शाळेत बैठक भरली. सरपंच नथू आबा आले. मिसळवाले निवृत्तीशेठ आले. हायवेला लागून पुढं त्यांचं हॉटेल होतं. वीटभट्टीवाले हौशीरामभाऊही आले. स्नेहल बाईंनी चप्पल सगळ्यांच्या हातून फिरवली. प्रत्येकानं ती उलटसुलट करून पाहिली आणि च्च च्च केलं. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास रस्त्यावर माणूस उभा करायचा, त्याला तिघांनी मिळून पगार द्यायचा असं ठरलं. माणूस कोण, हे विचारायचं कारणच नव्हतं, कारण आक्काबाई दारात पदर खोचून उभी होती.

"हातात पाटी पायजे," नथू आबा म्हणाले. "त्यावर थांबा असं लिवायचं. आन खाली बारीक अक्षरात पंचायतीचं नाव. लोकांला कळाया नको का, कुनी केलं ते?"

"मग आमचं बी टाका," निवृत्तीशेठ म्हणाले.

"माझं नगं," हौशीरामभाऊ म्हणाले. सगळ्यांना त्यांचं कौतुक वाटलं. मग ते म्हणाले, "आमच्या वडलांचं टाका. फोटोसकट."

पाटीचं काम प्रदीप पेंटरकडं गेलं. प्रदीप माणूस गुणी, अक्षर वळणदार, पण नाही म्हणायची सवय नव्हती. ज्यानं जे सांगितलं ते त्यानं लिहिलं. वर मधोमध हौशीरामभाऊंच्या वडलांचा फेट्यातला फोटो आणि 'यांच्या स्मरणार्थ'. डावीकडं नथू आबांचे हात जोडलेले, 'आपले नम्र'. उजवीकडं आबांच्या पुतण्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा, कारण तो त्याच आठवड्यात होता. खाली मिसळीची थाळी, तर्रीसकट, एवढी हुबेहूब की बघून तोंडाला पाणी सुटावं. हे सगळं झाल्यावर प्रदीपच्या ध्यानात आलं की 'थांबा' राहिलं. जागा तळहाताएवढी उरलेली. तेव्हा निवृत्तीशेठनीच तोड काढली. त्यांच्या मिसळीच्या वाक्यात नाहीतरी 'थांबा' येणारच होतं, तेच दोन्हीकडं चालवायचं. म्हणून पाटीवर शेवटी असं आलं: 'थांबा. निवृत्ती मिसळ, पुढे डावीकडे.'

एवढं सगळं मावायला पाटी दाराच्या फळीएवढी झाली होती. प्रदीपनं ती बांबूला ठोकून दिली. आक्काबाईनं ती उचलून बघितली आणि विचारलं, "ही मी धरायची का हिनं मला?"

पहिल्या दिवशी साडेनऊला वारा सुटला होता. आक्काबाई रस्त्यात दोन पावलं गेली, पाटी वर केली, आणि वाऱ्यानं पाटी फिरवली. पाटीबरोबर आक्काबाई फिरली. एकदा पुण्याकडं तोंड, एकदा मुंबईकडं तोंड, मग पुन्हा पुण्याकडं. दोन्ही बाजूंच्या गाड्या हे काय चाललंय ते बघायला हळू झाल्या. आणि पाटी बघितल्यावर तर थांबल्याच, कारण चालत्या गाडीतून ती वाचून होण्यासारखी नव्हती. एका कारमधली बाई काच खाली करून मोठ्यानं वाचत होती, "यांच्या स्मरणार्थ... वाढदिवसाच्या... अहो, वारले कोण आणि वाढदिवस कुणाचा?" तेवढ्यात चाळीस पोरं पलीकडं गेली होती.

"मावशी, मिसळ तिखट आहे का?" नवऱ्यानं विचारलं.

"पोरं जाऊ द्या, मंग सांगते," आक्काबाई म्हणाली. शेवटचं दप्तर शाळेच्या फाटकातून आत गेल्यावर ती त्यांच्या काचेपाशी आली आणि सांगितलं, "लय तिखट. दही मागून घ्या."

पंधरा दिवस हे उत्तम चाललं. तिच्या हातची खिचडी खाल्लेले टेम्पोवाले तर पाटी दिसायच्या आधीच ब्रेक मारायचे. आक्काबाईनं चार माणसांत वाटाण्यांचा विषय काढू नये म्हणून. चैतालीच्या आईनं आक्काबाईला चोळीचा खण दिला. जानू रोज सकाळी लांबून, पिंपळाखालून, बायकोला बघत उभा राहायचा आणि ती दिसली की बघत नसल्यासारखं करायचा.

मिसळीचं हॉटेलही जोरात चाललं. एवढं की निवृत्तीशेठना रात्रीची झोप लागेना. एका शनिवारी ते आक्काबाईच्या दारात आले. हातात गुडघ्याच्या खाली येणारा, टोपीवाला, पिवळाधमक रेनकोट होता. मावळातला पाऊस छत्रीला जुमानत नाही, आणि आक्काबाई तेव्हा खताचं रिकामं पोतं डोक्यावर घेऊन उभी राहत होती.

"आक्का, उद्या रविवार. लोणावळ्याला जाणाऱ्यांची जत्रा असती. एक दीड तास पाटी घिऊन हुबी ऱ्हा. बस."

"रविवारी पोरं कुटं हायत? मी थांबवू कुनासाटी, तुमच्या पावासाटी?"

"तसं समज," निवृत्तीशेठ म्हणाले आणि रेनकोट तिच्या हातात ठेवला. आतून मऊ अस्तर होतं.

आक्काबाईनं रेनकोट घेतला. घेतानाच तिला कळलं होतं की हे बरं नाही. पण अस्तर फार मऊ होतं.

रविवारी अकराला ती उभी राहिली. पाटी वर गेली, गाड्या थांबल्या. पण पोरं नव्हती, त्यामुळं पाटी खाली कधी घ्यायची हे तिला कळेना. एरवी शेवटचं पोर गेलं की हात आपोआप खाली यायचा. ती वाट बघत राहिली. बघता बघता रांग मागं वळणाच्या पलीकडं गेली, आणि त्या रांगेतून मोटारसायकल काढत हवालदार गोरख आले.

"मावशी, काय चाललंय?"

"पोरं न्यायची हायत. शाळंची."

"रविवारी कसली शाळा?"

"जादा तास हाय," आक्काबाई म्हणाली. आयुष्यात ती फार खोटं बोलली नव्हती, त्यामुळं तिला ते बेताचं बोलता यायचं नाही.

"बरं. मग दाखवा पोरं."

मिसळीच्या हॉटेलामागं तीन पोरं क्रिकेट खेळत होती. आक्काबाईनं त्यांना हाक मारली, रांगेत लावलं आणि रस्ता पार करून दिला. हवालदार हलले नाहीत. एवढ्या रांगेला तीन पोरं त्यांना कमी वाटली असावीत. आक्काबाईनं तिघांना डोळ्यांनी खुणावलं. पोरं परत आली. तिनं पुन्हा पलीकडं नेली.

"हीच मघाशी गेली न्हवं?"

"न्हाई, ही दुसरी. एका गावची हायत, सारकी दिसत्यात."

चौथ्या खेपेला एकाच्या हातात बॅट राहिली होती.

"जादा तासाला बॅट?"

"खेळाचा तास हाय."

सातव्या खेपेला तिघांतला सगळ्यात बारका दुभाजकाच्या फटीत खाली बसला आणि म्हणाला, "हवालदार काका, आमाला आजून किती येळा जायचंय? आमची इनिंग ऱ्हायलीय."

हवालदार गोरख पाटीपाशी गेले आणि त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचून काढली. फोटोतल्या म्हाताऱ्यापुढं सवयीनं हात जोडले. मग पाटी काढून घेतली. ती मोटारसायकलवर बसेना, तेव्हा त्यांनी निवृत्तीशेठचाच टेम्पो मागवला आणि शेठच्याच खर्चानं ती चौकीवर नेली.

आक्काबाई सोमवारी स्वतःहून स्नेहल बाईंकडं गेली. रेनकोट घडी करून टेबलावर ठेवला.

"बाई, मी वाकड्या वाटंला गेले. पोरांच्या नावावर पाव इकले."

स्नेहल बाईंना हसू येत होतं आणि रागही येत होता. त्यांनी रागाला पुढं केलं. पाच मिनिटं त्या बोलल्या, आक्काबाईनं मान खाली घालून ऐकलं. मग त्या म्हणाल्या, "नाव लावल्याशिवाय कुणी पैसे देत नाही, हीच तर अडचण आहे. मी जरा दुसरीकडे बघते."

दुसरीकडं म्हणजे वराळ्याच्या बाजूची एक कंपनी. तिथून सुरज साहेब आले. वय तिशीच्या आत, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. कंपनी अर्धा पगार द्यायला तयार झाली आणि नावाचा आग्रह नव्हता, फक्त ट्रेनिंग आणि महिन्याला रिपोर्ट हवा होता. ट्रेनिंग लोणावळ्याला, हॉटेलात. इतर गावांतली मिळून चौदा बायामाणसं होती. थंडगार हॉलमध्ये पडद्यावर कार्टूनची पोरं रस्ता ओलांडत होती. शिकवणारे सर पडद्यावर लाल ठिपका फिरवत होते. आक्काबाईला ठिपक्याकडं बघून झोप लागली.

चहाच्या सुट्टीत कळलं की हॉटेलातला चहा कपात दोन घोट येतो. समोर टपरी होती, पण मधे शनिवारचा लोणावळ्याचा रस्ता. चौदाजण आणि शिकवणारे सर कडेला येऊन उभे राहिले. गाड्या संपेनात. सर दोनदा पाय पुढं टाकून मागं आले. तिसऱ्यांदा आक्काबाईनं त्यांचं मनगट धरलं.

"सर, हात सोडायचा न्हाई. पळायचं न्हाई. पलीकडं गेल्यावर ढकलाढकली न्हाई."

सर मुकाट्यानं गेले. चहा झाल्यावर परत यायला त्यांनी आपण होऊन हात पुढं केला.

कंपनीची पाटी गोल, लाल, हलकी आणि स्वच्छ होती. पांढऱ्या अक्षरात 'थांबा', दुसरं काही नाही. आक्काबाईला ती फार आवडली. पहिल्या दिवशी तिनं ती वर धरली आणि एकही गाडी थांबली नाही. लाल गोल पाट्या लोकांनी रस्त्यावर पुष्कळ बघितलेल्या होत्या. टेम्पोवाले तेवढे ओळखीनं थांबायचे, बाकीच्यांना ती पाटी म्हणजे झाड. आक्काबाई तासभर हात वर करून उभी राहायची, गाड्यांमधल्या फटी शोधून पोरं चार-चारनं न्यायची, आणि शाळेची घंटा होऊन जायची.

गुडघे पुन्हा बोलायला लागले. तेव्हा तिनं घरची निळी प्लास्टिकची खुर्ची आणली आणि कडेच्या मातीत टाकून बसली. त्यात डावपेच काही नव्हता, पाय दुखत होते. पण मातीत खुर्ची एका अंगाला कलायची म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं ती जरा पुढं, डांबराच्या काठावर घेतली. तिसऱ्या दिवशी काठ खचलेला वाटला म्हणून आणखी वीतभर. शुक्रवारी खुर्ची पांढऱ्या पट्ट्याच्या आत होती, आणि कुणी मुंबईहून आलेला माणूस गाडी करकचून थांबवून बघत होता, कारण हायवेवर एक म्हातारी खुर्ची टाकून, मांडीवर लाल पाटी घेऊन, शांत बसली होती.

"मावशी, काय झालं?"

"काय न्हाई. पाय दुखत्यात."

"इथं कशाला बसलात?"

"मंग कुटं बसू?"

त्या माणसानं आजूबाजूला बसण्यासारखी जागा शोधली. तो विचार करत राहिला, त्याच्या मागचेही थांबले, आणि तेवढ्यात चैताली पुढं होऊन पोरांची रांग घेऊन निघून गेली. चौथीपर्यंतचे सगळे वर्ग एका खेपेत गेले.

सुरज साहेब रिपोर्टसाठी आले तेव्हा त्यांनी हे झाडाआडून बघितलं आणि घाबरून पळत आले. "आक्का, हे अजिबात चालणार नाही. तुम्हाला काही झालं तर?" मग त्यांनी टॅबवर मोजलं. गोल पाटीला शंभरातल्या सहा गाड्या थांबत होत्या, खुर्चीला ब्याण्णव. त्यांनी पुन्हा मोजलं, आकडे तेच आले. रिपोर्टात त्यांनी 'आसनस्थ पद्धत' असं लिहिलं. कंपनीत त्याचा अर्थ कुणाला कळला नाही, पण कुणी विचारलंही नाही. शेवटी रस्त्याचे साहेबलोक एकदाचे येऊन बघून गेले. खुर्चीवरच्या म्हातारीचा फोटो तोवर वरपर्यंत पोचला होता. महिनाभरात दोन्ही अंगांना गतिरोधक पडले, पांढरे पट्टे आखले गेले, आणि खुर्ची सरकारी अंतर मोजून दुभाजकाच्या फटीत हलवण्यात आली.

उरलेला अर्धा पगार ग्रामसभेनं पंचायतीच्या फंडातून मंजूर केला. ठरावात कुणाचंच नाव घालायचं नाही, असं स्नेहल बाईंनी लिहून घेतलं. नथू आबांनी सही करताना सुस्कारा टाकला. निवृत्तीशेठ दोन आठवडे रुसून होते. मग थंडी पडली तसे त्यांनी सकाळचा चहा किटलीतून पाठवायला सुरुवात केली. आक्काबाई प्यायची, पण आधी किटलीवर काही लिहिलंय का ते फिरवून बघायची.

पुढच्या जूनमध्ये वराळ्याहून दोघी नव्या बाया शिकायला आल्या. आक्काबाईनं त्यांना कडेला उभं केलं. गाडीकडं बघायचं नाही, ड्रायव्हरच्या डोळ्याकडं बघायचं, म्हणजे त्याला लाज वाटते. बारकं पोर मधे घ्यायचं, थोराड कडेला. वेणी असेल तर उत्तम.

"आन न्हाई थांबला तर?" एकीनं विचारलं.

"मंग मागं सरायचं, बाई. एवढ्या पगारात मरायचं न्हाई," आक्काबाई म्हणाली आणि तिच्या हातात पाटी देऊन, शाळेची घंटा व्हायच्या आत, पोरांना आणायला पलीकडं गेली.